अतिसममित जालक-प्रतिमाने : अचूकतेचे मोल आणि तिची मर्यादा

१

परस्परांवर प्रबळ क्रिया करणाऱ्या असंख्य फर्मिऑनांचा प्रश्न हा संघनित द्रव्याच्या भौतिकीतील सर्वांत हट्टी प्रश्नांपैकी एक होय. हबर्ड ह्यांनी १९६३ साली मांडलेले प्रतिमान दोन ओळींत लिहून होते. लीब आणि वू ह्यांनी १९६८ साली त्याची एकमितीय साखळी अचूकपणे सोडविली. तथापि द्विमितीय जालकावर, फर्मिऑनांची घनता कोणतीही असता, त्याच प्रतिमानाची तल अवस्था कशी असेल ह्याचे सर्वसाधारण आणि सिद्ध उत्तर आजही हाती नाही. क्रिया प्रबळ असल्यामुळे क्षोभपद्धतीला आधार धरण्याजोगी लहान राशी सापडत नाही. आणि संगणकाने यादृच्छिक नमुने घेऊन उत्तर काढू गेल्यास फर्मिऑनांच्या अदलाबदलीतून येणारी धन आणि ऋण पदे एकमेकांना खोडून काढतात व उत्तरातील अनिश्चितता वाढत जाते.

ह्या पार्श्वभूमीवर पॉल फेंडली, कारेलयान स्खाउटेन्स आणि यान दे बूर ह्यांनी २००३ साली जालकावरील फर्मिऑनांचे एक प्रतिमान पुढे ठेवले. त्यात अतिसममिती ही आरंभीच बांधून घेतलेली असल्यामुळे क्रिया कितीही प्रबळ असली तरी काही गोष्टी अचूकपणे सांगता येतात. पुढील दोन दशकांत ह्या एका बीजातून मोठे वाङ्मय वाढले. त्यात गणित आहे, सांख्यिकीय भौतिकी आहे, क्षेत्रसिद्धांत आहे आणि अलीकडे संगणन-जटिलतेचा विचारही आहे. आता ह्या वाङ्मयाचे मूल्यमापन करण्याइतके अंतर पडले आहे. त्यातून संघनित द्रव्याच्या अभ्यासाला नेमके काय मिळाले, आणि जे मिळाले असे म्हटले जाते त्यापैकी कितीचा पुरावा दिलेला आहे, हा येथील विवेचनाचा विषय आहे. प्रश्न केवळ तात्त्विक नाही. एखाद्या विशिष्ट बिंदूवरील अचूक उत्तर खऱ्या द्रव्याविषयी केव्हा बोलते आणि केव्हा बोलत नाही, ह्याचा निर्णय करता आला नाही तर संशोधनाची वर्षेच्या वर्षे एका सुंदर अपवादावर खर्ची पडण्याचा संभव असतो.

२

प्रतिमानाची घडण सोपी आहे. स्पिनचा विचार बाजूला ठेवलेले फर्मिऑन एखाद्या आलेखाच्या बिंदूंवर बसतात. बंधन एकच : एका बिंदूवर फर्मिऑन असेल तर त्याच्या लगतच्या कोणत्याही बिंदूवर दुसरा असता कामा नये. आता असा एक कारक घ्यावयाचा की जो, हे बंधन न मोडता, प्रत्येक बिंदूवर एकेक फर्मिऑन निर्माण करण्याच्या सर्व क्रियांची बेरीज असेल. ह्यास अतिप्रभार म्हणतात. फर्मिऑनांच्या निर्मितीचा क्रम उलटला की चिन्ह बदलते. म्हणून हा कारक लागोपाठ दोनदा लावल्यास उत्तर शून्य येते. ह्याचा सहयुग्मी कारक एकेक फर्मिऑन नाहीसा करतो. दोहोंचे दोन्ही क्रमांतील गुणाकार घेऊन त्यांची बेरीज केली की प्रतिमानाचा हॅमिल्टोनियन मिळतो.

त्याचा विस्तार केला असता दोन प्रकारची पदे दिसतात. पहिल्या प्रकारात फर्मिऑन शेजारच्या मोकळ्या बिंदूवर उडी घेतो. दुसऱ्या प्रकारात, ज्यांचे सर्व शेजारी रिकामे आहेत अशा बिंदूंची गणना होते. एकमितीय कड्यावर ही गणना म्हणजे एक स्थिरांक, फर्मिऑनांच्या संख्येला गुणणारा एक ठराविक रासायनिक विभव आणि एका बिंदूचे अंतर सोडून बसलेल्या फर्मिऑनांमधील प्रतिकर्षण, ह्यांची बेरीज होय.

ह्या रचनेतून तीन गोष्टी केवळ बीजगणिताने निष्पन्न होतात. पहिली, ऊर्जा कधीही ऋण नसते. दुसरी, धन ऊर्जेची प्रत्येक अवस्था जोडीने येते. जोडीतील दोन अवस्थांची ऊर्जा समान, पण फर्मिऑनांची संख्या एकाने भिन्न असते. तिसरी, शून्य ऊर्जेची अवस्था मात्र एकटी असते, आणि तिला अतिप्रभार व त्याचा सहयुग्मी हे दोन्ही नाहीसे करतात. म्हणून सम संख्येच्या अवस्थांमधून विषम संख्येच्या अवस्था वजा केल्या तर सर्व जोड्या खोडल्या जातात, आणि उरते ती शून्य ऊर्जेच्या अवस्थांचीच वजाबाकी. एडवर्ड विटेन ह्यांनी १९८२ साली अतिसममितीच्या भंगाचा विचार करताना हा निर्देशांक मांडला होता.

येथे इतिहासाची एक नोंद आवश्यक आहे. जालकावर अतिसममिती बांधण्याची कल्पना २००३ सालची नाही. हर्मान निकोलाय ह्यांनी १९७६ सालीच स्पिन-संहतींच्या संदर्भात ती मांडली होती. त्यांचा अतिप्रभार तीन-तीन फर्मिऑन-कारकांच्या गुणाकारांचा बनलेला होता. विटेन ह्यांची अतिसममित पुंजयामिकी ह्यानंतर पाच वर्षांनी आली. मूळ कल्पना कणभौतिकीच्या गरजेतून नव्हे, तर बहुकण-संहतीच्या विचारातूनही उभी राहू शकते, हे निकोलाय ह्यांच्या निबंधाने दाखविले होते. तरीही संघनित द्रव्याच्या अभ्यासकांचे त्याकडे फार उशिरा लक्ष गेले.

३

पद्धतीचे सामर्थ्य पाहण्यासाठी सहा बिंदूंचे कडे घ्यावे. बंधन पाळून शून्य फर्मिऑन बसविण्याची रीत एक, एक फर्मिऑन बसविण्याच्या रीती सहा, दोन बसविण्याच्या नऊ आणि तीन बसविण्याच्या दोन. एकूण अठरा अवस्था. निर्देशांक एक वजा सहा, अधिक नऊ, वजा दोन, म्हणजे दोन येतो. ह्यावरून शून्य ऊर्जेच्या निदान दोन अवस्था असल्याच पाहिजेत, एवढे एका ओळीत सिद्ध झाले.

आता थोडे पुढे जाता येते. रिकाम्या कड्याची ऊर्जा सहा आहे. एकट्या फर्मिऑनाची ऊर्जा, त्याच्या संवेगानुसार, सहा, पाच, पाच, तीन, तीन आणि दोन अशी येते. तीन फर्मिऑनांना हलण्यास जागाच नसते. त्यांच्या दोन्ही अवस्थांची ऊर्जा तीन. रिकाम्या कड्याची अवस्था एका फर्मिऑनाच्या सहा ऊर्जेच्या अवस्थेशी जोडली जाते. एका फर्मिऑनाच्या उरलेल्या पाच आणि तीन फर्मिऑनांच्या दोन, अशा सात अवस्थांचे जोडीदार दोन फर्मिऑनांच्या नऊ अवस्थांतच असावे लागतात. उरतात दोन. त्यांना जोडीदार मिळण्यास आता कोणीच शिल्लक नाही. म्हणून त्यांची ऊर्जा शून्य. पडताळाही घेता येतो : नऊ अवस्थांच्या ऊर्जांची बेरीज पाच, पाच, तीन, तीन, दोन, तीन, तीन, शून्य आणि शून्य मिळून चोवीस होते, आणि आव्यूहाच्या कर्णावरील पदांची बेरीजही, सहा रचनांची तीन-तीन व तीन रचनांची दोन-दोन धरून, चोवीसच भरते.

नऊ ओळींचा आव्यूह न सोडविता त्याची सर्व ऊर्जामूल्ये हाती आली. असा हिशेब कागदावर एकदा करून पाहिल्याशिवाय ह्या विषयाच्या आकर्षणाची कल्पना येत नाही. पण त्याच हिशेबात ह्या पद्धतीची मर्यादाही दिसते. निर्देशांकाने शून्य ऊर्जेच्या अवस्थांची संख्या सांगितली. त्यांच्यावरची सर्वांत जवळची पातळी दोन एककांवर आहे, हे मात्र निर्देशांकाने सांगितले नाही. ते निराळ्या गणनेतून आले. कडे वाढवीत नेले तर हे अंतर कमी कमी होऊन शेवटी नाहीसे होते. निर्देशांकाला ह्याची वार्ताही नसते. तीनने भाग जाणाऱ्या लांबीच्या कोणत्याही कड्यावर त्याचे परिमाण दोनच राहते, आणि इतर लांबींवर एक. अवस्था किती आहेत हे तो सांगतो. त्या अवस्थांत फर्मिऑन कसे वागतात हे सांगत नाही.

४

एकमितीय साखळीच्या बाबतीत ही उणीव इतर मार्गांनी भरून निघाली, आणि त्याचे श्रेय ह्या वाङ्मयाला दिले पाहिजे. प्रत्येक फर्मिऑनाबरोबर त्याच्या उजवीकडचा, नियमानेच रिकामा राहणारा बिंदू काढून टाकला, तर उरलेल्या आखूड साखळीवर फर्मिऑन लगतही बसू शकतात, आणि प्रतिमान सुप्रसिद्ध हायझेनबर्ग साखळीच्या असमदिश रूपात उतरते. त्यातील असमदिशतेचे मूल्य, नेहमीच्या संकेतानुसार, ऋण एक द्वितीयांश असते. हे तेच मूल्य की जेथे राझुमोव्ह आणि स्त्रोगानोव्ह ह्यांना २००१ साली तल अवस्थेच्या घटकांत गणनशास्त्रातील पूर्णांकांची ओळ दिसली होती. बेथे ह्यांच्या पद्धतीने साखळी सुटते. आणि दीर्घ अंतरावरील वर्तन एक मध्यवर्ती प्रभार असलेल्या अतिसममित अनुरूप क्षेत्रसिद्धांताने वर्णिले जाते. जालकावर बीजगणिताने घातलेली सममिती सांतत्याच्या मर्यादेत अधिक समृद्ध होऊन प्रकट होते. फेंडली, निनहाउस आणि स्खाउटेन्स ह्यांचे २००३ सालचे विवेचन ह्या दृष्टीने आदर्श म्हणावे लागेल. कारण त्यात अचूक गणनेतून काय येते आणि क्षेत्रसिद्धांतातून काय येते, हे वेगवेगळे ठेवलेले आहे.

तथापि ह्या यशाचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. असमदिश साखळी ऊर्जा-अंतरावाचून राहते ती केवळ ऋण एक द्वितीयांश ह्या मूल्याला नव्हे. उणे एक ते एक ह्या दरम्यानच्या सर्व मूल्यांना ती तशीच असते. म्हणजे प्रतिकर्षण थोडे कमी-अधिक केले, अतिसममिती मोडली, तरी सहसंबंध अंतराच्या घातानुसारच कमी होत राहतात. फक्त घातांक सरकतो. ह्यावरून निघणारा निष्कर्ष असा की, अतिसममिती हे येथे चंचल प्रावस्थेचे कारण नव्हे. ती प्रावस्था आधीच आहे. अतिसममिती हा तिच्यातील एक बिंदू, जेथून ती स्पष्ट दिसते. दिव्याच्या उजेडात वस्तू दिसते, म्हणून वस्तू दिव्याने निर्माण केली असे कोणी म्हणत नाही. पण अनेक निबंधांच्या प्रास्ताविकात 'अतिसममितीमुळे क्रांतिक वर्तन' अशा आशयाची भाषा येते, ती नेमकी हीच गफलत करते.

५

दोन मितींत चित्र पालटते, आणि खरा वादही तेथेच आहे. फेंडली आणि स्खाउटेन्स ह्यांनी २००५ साली असे दाखविले की, काही द्विमितीय जालकांवर शून्य ऊर्जेच्या अवस्थांची संख्या क्षेत्रफळाबरोबर घातांकाने वाढते. त्रिकोणांनी सजविलेल्या एका षट्कोणी जालकावर, ज्यास 'मार्टिनी' जालक म्हणतात, ही संख्या षट्कोणी जालक दुबिंदू पट्ट्यांनी झाकण्याच्या रीतींच्या संख्येइतकीच असते. ह्या घटनेस 'अतिकुंठा' असे नाव मिळाले. फान एर्टन ह्यांनी त्याच वर्षी इतर जालकांवर संख्यात्मक पुरावा गोळा केला. त्रिकोणी जालकावर एक सप्तमांशापासून एक पंचमांशापर्यंतच्या घनतांना अशा अवस्था आढळतात. चौकोनी जालकावर मात्र एक पंचमांश ते एक चतुर्थांश ह्या घनतांत अवस्थांची संख्या क्षेत्रफळाबरोबर नव्हे, तर बाजूच्या लांबीबरोबर घातांकाने वाढते. याकोब यॉनसन ह्यांनी २००६ साली ह्या निर्देशांकाचा समभुज चौकोनांनी पृष्ठ झाकण्याच्या प्रश्नाशी असलेला संबंध सिद्ध केला. निर्देशांक म्हणजे कठीण चौकोनांच्या वायूचे, सक्रियता उणे एक असतानाचे, विभाजन-फल होय, ही ओळख ह्या सर्व कामाच्या मुळाशी आहे.

गणित म्हणून हे फळ निर्विवाद मोलाचे आहे. आलेखाच्या बंधनपालक रचनांपासून बनणारा जो संस्थितिवैज्ञानिक संकुल, त्याच्या कोहोमॉलॉजीतील प्रत्येक वर्ग म्हणजे शून्य ऊर्जेची एक अवस्था. हे समीकरण ध्यानात आल्यामुळे भौतिकीच्या आणि गणनशास्त्राच्या अभ्यासकांना एकच प्रश्न दोन बाजूंनी सोडविता आला. हाउइसे आणि स्खाउटेन्स ह्यांनी ह्या दिशेने केलेले काम विशेष उल्लेखनीय आहे.

परंतु भौतिकी म्हणून 'अतिकुंठा' काय सांगते? शब्दशः घेतल्यास ती असे सांगते की, केवल शून्य तापमानालाही द्रव्यात क्षेत्रफळाच्या प्रमाणात एंट्रॉपी शिल्लक राहील. उष्मागतिकीच्या तिसऱ्या नियमाशी परिचित असलेल्या विद्यार्थ्याला येथे थांबावेसे वाटेल, आणि त्याने थांबलेच पाहिजे. अशी एंट्रॉपी प्रतिमानात असू शकते. व्हॅनिअर ह्यांनी १९५० साली त्रिकोणी जालकावरील आयसिंग चुंबकाच्या बाबतीत ती काढून दाखविली होती. प्रश्न असा की, हॅमिल्टोनियनमध्ये लहानसा बदल होताच तिचे काय होते. अतिसममित बिंदूवर उडीचे परिमाण, रासायनिक विभव आणि प्रतिकर्षणे ह्यांची गुणोत्तरे एकदम ठरावीक असावी लागतात. चौकोनी जालकावर तर गणना-पदाचा विस्तार केल्यास चार फर्मिऑनांमध्ये एकाच वेळी होणारी क्रियादेखील ठराविक मूल्याने अस्तित्वात असावी लागते. ह्यांपैकी कोणतेही गुणोत्तर किंचित हलले की समान ऊर्जेच्या असंख्य अवस्था विखुरतात आणि त्यांतून एक किंवा थोड्या निवडल्या जातात. कोणत्या निवडल्या जातील, स्फटिक बनेल की द्रव, ह्याविषयी अतिसममितीचे बीजगणित मौन आहे.

येथे एक प्रत्युत्तर संभवते, आणि ते न्यायाने मांडले पाहिजे. चुंबकीय क्षेत्रातील इलेक्ट्रॉनांच्या अंशतः भरलेल्या लँडाऊ पातळीतही असंख्य अवस्था समान ऊर्जेच्या असतात. इलेक्ट्रॉनांमधील क्रियेने त्या विखुरतात, आणि त्यांतूनच त्सुई, श्टर्मर आणि गॉसार्ड ह्यांना १९८२ साली एक तृतीयांशाचा हॉल परिणाम आढळला. लाफलिन ह्यांनी पुढच्याच वर्षी त्याची तरंगफलने लिहिली. म्हणजे समान ऊर्जेच्या अवस्थांचा साठा हा दोष नव्हे. नवीन प्रावस्थेची ती भूमीही होऊ शकते. हे मान्य आहे. पण ह्या दृष्टांतातच उत्तर दडलेले आहे. लँडाऊ पातळीतील समानता क्षेत्र आणि भ्रमणकक्षा ह्यांमुळे निसर्गातच येते, तिच्यासाठी गुणोत्तरे जुळवावी लागत नाहीत. आणि लाफलिन ह्यांनी अवस्था मोजून विराम घेतला नाही, तर क्रियेने निवडलेली अवस्था कोणती हे सांगितले. अतिकुंठेच्या वाङ्मयाने पहिली पायरी उत्कृष्टपणे चढली आहे. दुसरी पायरी अजून बव्हंशी मोकळी आहे.

६

अचूक उत्तर असलेला एकच बिंदू आजूबाजूच्या द्रव्याविषयी बोलू शकतो काय? अवश्य बोलू शकतो. आणि ह्याचे उत्तम उदाहरण मुंबईतच घडलेले आहे. चंचलकुमार मजुमदार आणि दीपन घोष ह्यांनी १९६९ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून प्रसिद्ध केलेल्या कामात स्पिनांच्या साखळीत लगतच्या शेजाऱ्याशी असलेल्या क्रियेच्या बरोबर निम्मी क्रिया त्यापलीकडच्या शेजाऱ्याशी घेतली. त्या एका गुणोत्तराला तल अवस्था अचूक लिहिता येते : शेजारी-शेजारी स्पिन जोड्या करून बसतात, आणि जोड्या दोन प्रकारे लागू शकतात. हाही एक सुटा बिंदूच होता. तरीही त्याने एका संपूर्ण प्रावस्थेचे स्वरूप उघड केले. कारण तेथे तल अवस्थेवर ऊर्जेचे निश्चित अंतर आहे, आणि ते असल्यामुळे गुणोत्तर थोडे बदलले तरी जोड्यांची रचना टिकून राहते. पुढील गणनांनी दाखविले की, ही प्रावस्था गुणोत्तर सुमारे ०.२४ इतके खाली येईपर्यंत पसरलेली आहे.

ह्या उदाहरणातून एक निकष हाती येतो. अचूक बिंदूचे भौतिकीतील मोल त्याच्या अचूकतेत नसते. त्या बिंदूवर दिसलेली रचना बिंदूबाहेर टिकण्यास कोणते कारण आहे, ह्यात असते. मजुमदार-घोष साखळीत ते कारण ऊर्जेचे अंतर हे आहे. एकमितीय अतिसममित साखळीत ते कारण चंचल प्रावस्थेची स्थिरता हे आहे. द्विमितीय अतिकुंठित प्रतिमानांत मात्र, ज्याच्या बळावर बिंदूवरील रचना बाहेर न्यावी असे कारण सर्वसाधारणपणे दाखविलेले नाही. त्यांच्यावरील निबंध वाचताना हाच प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.

दुसरा एक समज दूर करणेही आवश्यक आहे. अतिसममिती असली म्हणजे प्रश्न सोपा होतो, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. मार्कोस क्रिचिन्यो आणि तमारा कोलर ह्यांच्या २०२२ सालच्या कामाने ह्या समजाला धक्का दिला. आलेखापासून बनलेल्या संकुलात ठराविक मितीचे छिद्र आहे की नाही, म्हणजेच तत्सम अतिसममित संहतीत ठराविक फर्मिऑनसंख्येची शून्य ऊर्जेची अवस्था आहे की नाही, एवढेच ठरविणे सर्वसाधारण आलेखाच्या बाबतीत पुंजसंगणकालाही अवघड ठरेल अशा वर्गात मोडते, हे त्यांनी सिद्ध केले. अर्थात, ज्या जालकांवर उत्तरे सुंदर आली तेथे जालकाच्या विशेष रचनेने साहाय्य केलेले आहे. सारे श्रेय अतिसममितीचे नव्हे. हा निकाल ह्या विषयाला कमीपणा आणीत नाही. उलट, ही प्रतिमाने सोपी खेळणी नसून त्यांत बहुकण-प्रश्नाची पूर्ण काठिण्यपातळी सामावलेली आहे, ह्याचे ते प्रमाणपत्रच होय.

७

अतिसममिती बाहेरून घालणे आणि ती आपोआप उगवणे ह्यांतील भेदही ह्या वाङ्मयात पुष्कळदा पुसट होतो. फ्रीडन, चिऊ आणि शेंकर ह्यांनी १९८० नंतरच्या दशकात दाखविले की, आयसिंग चुंबकाच्या त्रिक्रांतिक बिंदूवर, जेथे मध्यवर्ती प्रभार सात दशमांश असतो, अतिसममिती कोणी न घालताच प्रकट होते. ग्रोव्हर, शेंग आणि विश्वनाथ ह्यांनी २०१४ साली, संस्थितिवैज्ञानिक अतिसंवाहकांच्या सीमेवर एकच प्राचल जुळविले असता अवकाश-काल अतिसममिती उगवू शकते, असे प्रतिपादन केले. ओब्रायन आणि फेंडली ह्यांनी २०१८ साली त्रिक्रांतिक आयसिंग वर्तनाचा एक जालक-हॅमिल्टोनियन दिला. त्यात जालकावरील अतिसममिती आणि उगवलेली अतिसममिती एकमेकींच्या जवळ आणल्या गेल्या. ह्या प्रकारच्या कामात सूक्ष्म तपशील बदलला तरी दीर्घ अंतरावरील निष्कर्ष टिकतो. त्यास वर सांगितलेला निकष पुरेपूर लागू होतो.

भंगलेल्या अतिसममितीचा अभ्यास हेही एक आश्वासक अंग आहे. सान्नोमिया, कात्सुरा आणि नाकायामा ह्यांनी २०१६ आणि २०१७ साली निकोलाय ह्यांच्या जुन्या प्रतिमानाचा विस्तार घेऊन, सममिती आपोआप भंगली असता ऊर्जा-अंतररहित फर्मिऑन-तरंग उत्पन्न होतात हे दाखविले. एका प्रकारात त्यांची ऊर्जा संवेगाच्या पहिल्या, तर दुसऱ्या प्रकारात तिसऱ्या घाताने वाढते. येथे केवळ अवस्थांची मोजणी नाही. प्रयोगात ज्याचा शोध घेता येईल अशा गतीविषयी विधान आहे. निकोलाय ह्यांच्या विस्मृतीत गेलेल्या निबंधाला चाळीस वर्षांनी मिळालेला हा न्यायही म्हणता येईल.

प्रयोगाची दारेही आता पूर्वीइतकी बंद नाहीत. रिडबर्ग अवस्थेत नेलेले अणू शेजाऱ्याला त्याच अवस्थेत येऊ देत नाहीत. म्हणजे ह्या प्रतिमानाचे मूळ बंधन तेथे निसर्गतःच पाळले जाते. २०१७ साली एक्कावन्न अणूंच्या रांगेवर असे प्रयोग झाले. गुणोत्तरे जुळविण्याची जी अट द्रव्यात पूर्ण होणे दुष्कर, ती अशा रचलेल्या संहतीत पुष्कळ अंशी पूर्ण करता येईल. मात्र मग तो प्रयोग प्रतिमानाची रचना करणारा ठरेल; निसर्गातील एखाद्या द्रव्याचे स्पष्टीकरण देणारा ठरणार नाही. दोहोंचे मोल निरनिराळे आहे आणि ते निरनिराळेच मोजले पाहिजे.

८

एकंदरीत पाहता ह्या वाङ्मयातील विधाने तीन प्रतींची आहेत. पहिली प्रत केवळ बीजगणितातून येणाऱ्या विधानांची : ऊर्जा ऋण नसणे, जोड्या, निर्देशांक. ती निरपवाद आहेत, पण त्या एका बिंदूपुरती. दुसरी प्रत तल अवस्थांच्या रचनेतून, कोहोमॉलॉजीतून किंवा बेथे पद्धतीतून येणाऱ्या विधानांची. ती अधिक सांगतात, आणि त्यांच्यासाठी प्रत्येक जालकावर स्वतंत्र परिश्रम घ्यावे लागतात. तिसरी प्रत खऱ्या द्रव्याविषयीच्या विधानांची. ती पहिल्या दोहोंतून आपोआप निघत नाहीत, त्यांना स्थिरतेचा निराळा पुरावा लागतो. ह्या विषयातील सर्वोत्तम निबंध तिन्ही प्रती वेगळ्या ठेवतात. सामान्य निबंध पहिल्या प्रतीची खात्री तिसऱ्या प्रतीच्या विधानाला उसनी देतात, आणि वाचकाला ते उसने घेतल्याचे कळतही नाही.

म्हणून ह्या क्षेत्रात प्रवेश करू इच्छिणाऱ्या अभ्यासकासमोर आता अवस्था मोजावयाच्या आणखी एका जालकाचा शोध हे मुख्य कार्य असू नये. अतिकुंठित बिंदूपासून एक पाऊल बाजूला टाकले असता कोणती प्रावस्था उभी राहते, ह्याचे एखाद्या एकाच जालकावर का होईना, खात्रीचे उत्तर काढणे अधिक मोलाचे ठरेल. शून्य ऊर्जेच्या अवस्था नेमक्या ठाऊक असणे, हे त्या कामासाठी इतरत्र दुर्मीळ असलेले भांडवल आहे. अतिसममितीने ते हाती दिले आहे. ते गुंतविल्याविना केवळ मोजीत बसणे हा त्या भांडवलाचा उपयोग नव्हे.